आधी छापून बघ

प्रिय बेटा,

परवा मोबाइलवर आपल्या नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीतल्या मोठाल्या पुतळ्यांचे फोटो दाखवलेस आणि लगेच विचारलंस, "काका, मोठ्या सेन्सरची फुल फ्रेम कॅमेरा बॉडी घेऊ का? हप्त्यावर मिळते आहे." मी गप्प राहिलो तर तुझा चेहरा पडला. रागावलो नव्हतो रे. यातला एक तरी छापलास का, एवढंच मनात होतं.

तुझ्या कॅमेऱ्यात २४ मेगापिक्सेल आहेत, म्हणजे ६००० बाय ४०००. इंचाला ३०० ठिपके धरले तरी २० बाय १३ इंचांचा कागद भरतो. एवढा मोठा फोटो तू अजून एकदाही भिंतीवर लावला नाहीस, आणि सेन्सर लहान पडतो म्हणतोस! आधी छापून बघ.

नेहरू पुतळ्याजवळ काळी आणि पिवळी मारबत भेटतात, तोच फोटो घे. मोबाइलवर झगमगतो, कारण स्क्रीनला स्वतःचा उजेड असतो. कागदाला पडलेल्या उजेडावरच भागवावं लागतं, तिथे लपवाछपवी चालत नाही. छापलास की दिसेल, काळी राखेसारखी करडी उतरली आहे आणि पिवळीच्या अंगावर नुसता सपाट रंग आहे. तू कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर काळीवर लावलंस. मीटर समोरचं सगळं मधल्या करड्याकडे ओढतं. काळीने चौकट भरली की एक्स्पोजर, म्हणजे आत घेतलेला उजेड, वाढवतं, पिवळीने भरली की कमी करतं. काळीवर मीटर लावलंस तर एक्स्पोजर उणे एक-दीडवर आणायला हवं होतं. महागड्या बॉडीत तेच मीटर काळीवर तसंच लावलंस, तरी हेच होणार. हे मी तुला तोंडी दहादा सांगितलं, तू मान डोलावलीस. कागद एकदाच सांगेल आणि तुझ्या लक्षात राहील. म्हणून छाप.

खर्चाचं मला सांगू नकोस. हप्त्याला पैसे आहेत, आठ बाय बाराच्या प्रिंटला नाहीत?

लग्नाच्या ऑर्डरींत नुसता पेनड्राइव्ह देऊन मी कधी मोकळा झालो नाही. सोबतच्यांनी सीताबर्डीत दुसरी दुकानं टाकली, माझं महालातलं एकच राहिलं. घरी अजून ऐकवतात. ऐकवू देत. इथल्या कितीतरी घरांत गेलेल्या आजीचा हार घातलेला फोटो माझ्या हातून छापून गेलेला आहे. तो हट्ट होता, आणि बरोबर होता. सल एवढीच की पाडलेल्या वाड्यांचे रोल तेव्हा पैशांअभावी छापता आले नाहीत. वाडेही गेले, निगेटिव्हला बुरशी लागली.

तेव्हा ऐक. रविवारी सकाळी तीन प्रिंट घेऊन ये, त्यांतला एक मॅटवर, म्हणजे बिनचकाकीच्या कागदावर. मॅटवर काळा किती फिका पडतो तेही बघू. मागे पेन्सिलीने शटर, अपर्चर, आयएसओ लिहून आण. आधी दुकानाच्या दारात उन्हात धरू, मग आत ट्यूबलाइटखाली. तोवर हप्त्याच्या फॉर्मवर सही करू नकोस.

तुझा,
काका