मिसरूड, मतं आणि आजोबांचा रेडिओ

बाळा, तुझी मतांची यादी दोनदा वाचलो. (पुण्यात 'वाचली' म्हणतात, ठाऊक आहे. त्यावर पुढं येतोच.)

वय 16, पीयूसीचं पहिलं वर्ष (म्हणजे अकरावी), बेळगावजवळच्या खेड्यातून रोज बसनं कॉलेज, आणि घरात तोंड उघडलं की 'मिसरूड फुटलं नाही आणि मतं बघा याची'. म्हणून तू इथं लिहून विचारलास: वायरचे इयरफोनच भारी, फोन घ्यायचा तर 200 मेगापिक्सेलचा, फास्ट चार्जिंगनं बॅटरी मरते, मराठी पिक्चर म्हणजे रडारड आणि कन्नड म्हणजे दणका, मराठी असून आरसीबीचा असलो तर कुणाचं काय जातं, पुण्याचा चुलतभाऊ आपल्या बोलण्याला हसतो तो शहाणा की आपण, बेळगावची मिठाई कुंदा उगीच डोक्यावर घेतलाय, आणि आजोबांचा खरखरणारा रेडिओ भंगारात घालावा. यातलं काय चुकतंय?

माझं बेळगावात मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच जागेत आधी वडील रेडिओ आणि टेप दुरुस्त करायचे. म्हणजे गॅजेटवाल्या मुद्द्यांवर बोलायचा थोडा हक्क आहे, बाकीच्यांवर फक्त वयाचा. आणि चुकीच्या मतांचा माझा अनुभव तुझ्यापेक्षा दांडगा. 2010 च्या आसपास मी गिऱ्हाइकांना ठणकावून सांगायचो, "टचस्क्रीन हे मुंबईवाल्यांचं खूळ. आपल्याकडं ऊस, तंबाखू, माती. असल्या हातानं काचेवर कोण बोटं फिरवत बसणार?" त्या जोरावर कीपॅडचं सामान एवढं भरून ठेवलो की दोन खोकी अजून पोटमाळ्यावर पडून आहेत. दिवाळीच्या साफसफाईला मुलगी वर चढली की खाली बघून एवढंच म्हणते, "पप्पा, काच."

तर इयरफोन. इथं वादच नाही, तुझं बरोबर. त्या बिनवायरीच्या बोंडात बॅटरी असते हरभऱ्याएवढी. आत चिकटवून बसवलेली, त्यामुळं दोन-तीन वर्षांत ती दमली की आमच्यासारख्यालाही काही करता येत नाही. गेममध्ये गोळी आधी सुटते आणि आवाज मागून येतो, ते ब्लूटूथमुळं. ॲपलनं 2016 साली आयफोन 7 मधून गोल जॅक काढला, मग एकेक करून बहुतेकांनी तोच रस्ता धरला. नाहीतर हा प्रश्न आला नसता. पण तुझ्या मुद्द्यातलं मला आवडलं ते दुसरंच. तू लिहिलास, 'बसमध्ये उभं राहून जाताना एका कानातलं पडलं की संपलं, पायाखालून शोधणार कोण'. हे तू बघितलंयस, बहुतेक भोगलंयस. टाइप-सीचे वायरवाले घेणार असशील तर एक सांभाळ: खिशात फोन ठेवून वायर ओढली जाते ती थेट चार्जिंगच्या भोकावर. ते सैल झालेले फोन आठवड्याला दोन-तीन येतात माझ्याकडं.

200 मेगापिक्सेल मात्र तुझं मत नाही. ते कुठल्यातरी रीलमधल्या माणसाचं आहे, तू नुसतं वाहून आणलास. त्या कॅमेऱ्याचा सेन्सर काही 200 पट मोठा नसतो. एवढ्याशा जागेत बारीक ठिपके दाटीवाटीनं बसवलेले असतात, एकेका ठिपक्याला उजेड पुरत नाही, म्हणून फोन 16 ठिपके एकत्र करून त्यांचा एक करतो. नेहमीच्या मोडमध्ये हातात फोटो येतो साडेबारा मेगापिक्सेलचा. 50 वाल्यात चार-चार एकत्र होतात आणि तिथंही येतो साडेबाराचाच. आता तू तो फोटो बघणार कशावर? 1080 गुणिले 2400 चा स्क्रीन म्हणजे जेमतेम अडीच मेगापिक्सेल. आणि मित्राला पाठवणार व्हॉट्सॲपवर, जिथं तो आणखी दाबला जातो.

कॅमेरा बघायचाच असेल तर दुकानात दारातल्या उन्हात फोटो काढू नकोस, तिथं सगळेच फोन शहाणे दिसतात. काउंटरखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात कुणाला तरी हात हलवायला सांग आणि तो टिप. हात दिसला तर घे, धूर दिसला तर ठेव. शिवाय अपडेट किती वर्षं देणार, स्टोरेज किती, आणि त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर बेळगावात आहे की हुबळीला पळायचं, हे विचार. रीलवाला हे सांगत नाही. त्याला हुबळीला जायचं नसतं.

फास्ट चार्जिंगवर अर्धे गुण. बॅटरीला मारतो तो ताप, नुसता वेग नाही. वेगानं भरताना फोन तापतो खरा, पण चार्जर चांगला असेल तर फोनच शेवटी शेवटी वेग कमी करतो. तुझ्या वयाची पोरं काय करतात ते सांगू? फोन चार्जिंगला, वर बीजीएमआय गेम चालू, आणि सगळं उशीवर. उशी गरम हवा धरून ठेवते. एप्रिलच्या उन्हात बाईकच्या हँडलला फोन लावून चोर्ला घाटापर्यंत जाऊन येणारे तर वेगळेच. 20 ते 80 टक्क्यांमध्ये खेळव, रात्रभर 100 वर ठेवू नकोस, आणि बॅटरी बदलायची वेळ आली तर स्वस्ताच्या मागं लागू नकोस. एका होलसेलवाल्यानं मला 'ओरिजिनल' म्हणून 40 बॅटऱ्या दिल्या होत्या. पहिल्या पावसाळ्यातच त्यातल्या नऊ भिजवलेल्या वाटाण्यासारख्या फुगून परत आल्या. गिऱ्हाइकांचे पैसे मीच परत केलो.

पावसाळ्यावरून आठवलं. जून लागला की आपल्याकडं फोन भिजून येतात, आणि निम्मे तांदळातून काढून आणलेले असतात. तांदळानं आतलं पाणी निघत नाही, उलट भोकात कोंडा आणि दाणे अडकतात. ॲपलनंही 2024 मध्ये लिहून सांगितलं की फोन तांदळात ठेवू नका. बंद कर, हलवून पाणी काढ, वाऱ्याला ठेव, चार्जिंगला लावू नकोस, आणि दुकानात घेऊन ये. बेळगाव बासमती घरात असेल तर त्याचा भात करून खा.

पिक्चरचं मत वाचून हसलो. तू कन्नड पिक्चर बघितलास थिएटरात, मित्रांबरोबर, शिट्ट्या मारत, पहिल्या रविवारी. आणि मराठी बघितलास घरात, आजीशेजारी, टीव्हीवर, मधेच कुकरची शिट्टी. या दोन शिट्ट्यांची तुलना होते होय? 2016 ला 'सैराट' आला तेव्हा तू सहा-सात वर्षांचा. लोक पडद्यासमोर जाऊन नाचत होते. पुढच्याच वर्षी त्याचा कन्नडात 'मनसु मल्लिगे' झाला, आणि नायिका तीच, रिंकू राजगुरू. म्हणजे त्यांनाही आपली रडारड हवीहवीशी वाटली की.

कन्नड आवडतं याबद्दल मात्र कुणाला जाब देत बसू नकोस. आमच्या वेळी तर पर्यायच नव्हता. कर्नाटकात कितीतरी वर्षं दुसऱ्या भाषेतले पिक्चर कन्नडात डब करू देत नसत. कायदा नव्हता, पण इंडस्ट्रीचा दंडक होता. 2015 साली स्पर्धा आयोगानं त्याविरुद्ध निकाल दिला तेव्हा कुठं ते सैल झालं. तोवर हिंदी बघायचा तर हिंदीत, तमिळ तर तमिळमध्ये, समजो न समजो. बेळगावच्या माणसाला चार भाषांतल्या शिव्या येतात त्यामागं हे एक कारण असावं, असा माझा संशय आहे. आणि कुमार गंधर्व आपल्या सुळेभावीचे. घर कन्नड, नाव शिवपुत्र कोमकळीमठ. निर्गुणी भजनं हिंदीत गायले, नाट्यपदं मराठीत. 'तुम्ही नेमके कुणाचे' असं त्यांना कुणी विचारलं असेलही, पण त्यांनी गाणं काही थांबवलं नाही.

आरसीबीवर दोन ओळी पुरे. 18 व्या हंगामात, 2025 ला, एकदाचा कप आला. तोवर दरवर्षी 'ई साला कप नम्दे' (यंदा कप आपलाच) म्हणत मान खाली घालून दुकानात येणारी पोरं मी बघितलीत. एवढं सोसलेल्या माणसाला भाषेचा दाखला मागू नये.

आता चुलतभाऊ. खरं तर याच्यासाठी लिहायला बसलो. तू 'मी काम केलो' म्हणालास, तो हसला. 'जेवून सोड' म्हणालास, तो म्हणाला, 'जेवणाला कुठं सोडायचं? स्टॅंडवर?' आणि तू गप्प बसलास. गप्प बसायचं काही कारण नव्हतं.

बघ, पुण्याच्या मराठीत 'मी काम केलं, भाकरी खाल्ली, आंबा खाल्ला'. क्रियापद कामाकडं, भाकरीकडं, आंब्याकडं बघून कपडे बदलतं. खाणारा कोपऱ्यात उभा. कन्नडात तसं नाही. 'नानु केलस माडिदे', यातलं 'माडिदे' हे 'नानु'कडं बघतं, म्हणजे करणाऱ्याकडं. पिढ्यानपिढ्या दोन भाषा एकाच कट्ट्यावर बसल्या, आणि आपल्या मराठीनं ती रीत उचलली: मी काम केलो, मी भाकरी खाल्लो. 'सोड'चंही तेच. कन्नडात काम उरकून टाक म्हणताना 'माडिबिडु' म्हणतात, 'बिडु' म्हणजे सोड. त्याचं झालं 'करून सोड', 'जेवून सोड'. पुण्यात 'करून टाक' म्हणतातच ना? मग त्यानं सांगावं, काम कुठं टाकायचं. कचऱ्यात?

आणि तो स्वतः अण्णा म्हणतो, अक्का म्हणतो. दोन्ही शब्द कन्नडाच्या घरचे. त्याच्या आजीच्या पानाच्या डब्यात अडकित्ता असेल तर तोही: अडिके म्हणजे सुपारी, कत्ति म्हणजे सुरी. ते त्याच्याकडं कधी गेले हे त्याला माहीत नाही एवढंच. पेपरात मात्र 'मी केलो' लिहू नकोस, बाई लाल रेघ मारतील आणि ते बरोबरच असेल. लिहायचं एक, बोलायचं एक, यात चोरी नाही. बसच्या पाटीवर 2014 च्या नोव्हेंबरपासून बेळगावी आहे, माझी आई बेळगाव म्हणते, आणि दोघी बरोबर पोचवतात.

पण पुढं तू लिहिलास, 'म्हणून आता मी पुण्याच्या नातेवाइकांशी हिंदीतच बोलतो'. हे मला खटकलं. एका पोराच्या हसण्यापायी आत्याशी, काकूशी हिंदी? त्यांचा काय गुन्हा? पुढच्या वेळी तो आला की त्याला बाजारात ने आणि भाजीवाल्या मावशीशी भाव करायला लाव. मराठीत सुरुवात, मधे कन्नड, पैशाला हिंदी. तू मागं उभा राहा, हसू नकोस.

कुंद्याचं एवढंच: तू पाहुण्यांसाठी आणलेल्या खोक्यातला, फ्रिजमधून काढलेला, वडीसारखा घट्ट झालेला खाल्लास. सकाळी ताजा, कोमट असताना एक चमचा खा, मग परत लिही. नाही आवडला तर नाही. मलाही दुसरा चमचा जात नाही.

राहिला रेडिओ. तू लिहिलास की आजोबा सकाळी सांगली केंद्र लावायला बघतात आणि नुसती खरखर येते, म्हणून 'डेड आहे'. त्याच परिच्छेदात असंही आहे की रेडिओ तुझ्या अभ्यासाच्या टेबलावरच्या फळीवर असतो आणि फोन तिथल्याच पॉइंटला लागलेला असतो. आजोबांना एक विचार: तू कॉलेजला गेल्यावर दुपारी तो नीट वाजतो का?

मला वाटतं वाजत असणार. फोनचा चार्जर आतल्या आत सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करत असतो. स्वस्तातल्या चार्जरमध्ये तो गोंगाट अडवणारे भाग वाचवलेले असतात, मग तो वायरीतून आणि हवेतून पसरतो आणि मीडियम वेव्हच्या रेडिओत खरखर होऊन येतो. हलक्या एलईडी बल्बचंही तसंच. फोनला ते कळत नाही, एफएमलाही फारसं नाही, पण जुन्या रेडिओला सगळं ऐकू येतं.

उद्या सकाळी आधी चार्जर भिंतीतून काढ, नुसता फोन काढून चालणार नाही. फळीजवळचा बल्ब बंद कर. मग रेडिओ हळूहळू फिरव. आत एक काळी कांडी असते, तिच्यावर तार गुंडाळलेली. तिला दिशा लागते, पाव वळसा इकडंतिकडं झाला तरी फरक पडतो. आधी धारवाड लावून बघ, ते आपल्याला जवळ. मग सांगली. तरीही खरखर राहिली तर शनिवारी दुकानात घेऊन ये, भंगारवाल्याला देऊ नकोस. आणि येताना तो चार्जरपण आण, त्याला उघडून बघायचंय मला.