सोसायटीत पुस्तक भिशी सुरू करायची आहे. १२-१५ जण तयार आहेत. दर महिन्याला सगळ्यांनी एकच पुस्तक वाचायचं ठेवावं का?

नाही. भिशी जरूर करा, पण ‘महिन्याला सगळ्यांचं मिळून एकच पुस्तक’ हे खूळ पहिल्याच बैठकीत निकालात काढा. इंग्रजी बुक क्लबांचं बघून ते आपल्याकडे आलंय आणि मराठीत ते अडतं प्रतींवर. बारा जणांना एकाच वेळी बारा प्रती लागतात. जरा जुनं, चांगलं पुस्तक मागायला जावं तर ‘आवृत्ती संपलीय’ हे उत्तर ठरलेलं. मग इकडून तिकडून चार प्रती जमतात आणि त्या आळीपाळीने वाचायचं ठरतं. महिनाअखेरीस पाच जणांचं वाचून झालेलं असतं, तिघांचं अर्धं, आणि चौघांपर्यंत पुस्तक पोचलेलंच नसतं. ते चौघे बैठकीला येत नाहीत. दोन महिन्यांत गट आठाचा होतो आणि खापर फुटतं ‘हल्ली कुणाला वाचायलाच नको’ या वाक्यावर. वाचायला हवं असतं हो, पुस्तक मिळत नसतं.

आता भिशी. बारा जण धरते. माणशी महिना ३०० रुपये, म्हणजे ३६००. ज्याची चिठ्ठी निघेल त्याने त्या पैशांची आपल्या आवडीची पुस्तकं घ्यायची. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, आणि एकरकमी खरेदीवर १०-१५ टक्के सवलत मागितली तर बहुतेक दुकानांत मिळते. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकात दोन दुकानं जास्त फिरा. साडेतीनशेच्या सरासरीने अकरा-बारा पुस्तकं येतात. प्रकाशनपूर्व सवलतीत भिशीचे पैसे गुंतवू नका. सवलत मोठी असते, पण प्रकाशनाची तारीख पुढे गेली की गटाच्या सामायिक पेटीत त्या महिन्यात काहीच पडत नाही.

पैसे रोख हातात द्यायचे नाहीत. बिल दाखवलं की खजिनदाराने थेट दुकानदाराला द्यायचे. रोख दिले की ‘पुढच्या महिन्यात घेतो’ सुरू होतं, कारण घरात ३६०० रुपयांना वाटा नेहमीच असतात. शेवटच्या महिन्याचा हप्ता पहिल्या दिवशीच अनामत म्हणून घ्या. चिठ्ठी लवकर निघाली की काहींचं येणं पातळ होतं. तीनशे रुपयांनी माणूस बांधला जात नाही हे खरं, पण त्याची तीन पुस्तकं पेटीत असतात, त्यांनी बांधला जातो.

ती पेटी हाच या सगळ्याचा जीव. घेतलेली पुस्तकं ज्याची त्याचीच, पण त्यातली तीन वर्षअखेरपर्यंत पेटीत. सुरुवातीला पेटी रिकामी दिसू नये म्हणून प्रत्येकाने घरातलं एकेक आणायचं. अशी वर्षाला १२ आणि ३६ मिळून ४८ होतात. माणशी दोन न्यायची, पुढच्या बैठकीला परत. पेटी पत्र्याची चालेल, पण पावसाळ्यात भिंतीला चिकटवून जमिनीवर ठेवू नका, खाली दोन विटा द्या.

वही शंभर पानी, आणि रकाने सहा: क्रमांक, पुस्तक, मालक, कोणी नेलं, कधी नेलं, कधी आलं. ‘मालक’ हा रकाना लोक गाळतात आणि वर्षअखेरीस भांडतात. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती दोघांनी आणलेल्या असतात, एक कोरी आणि एकीवर आमटीचा डाग. डागाची कोणाची? म्हणून क्रमांक पुस्तकातही घाला, शीर्षकपानाच्या मागे, खालच्या कोपऱ्यात, पेन्सिलीने. स्टिकर नको. त्याचा गोंद वर्षाने पिवळा पडतो आणि काढताना कागदाचा पापुद्रा येतो. बैठक संपली की वहीच्या त्या पानाचा फोटो ग्रुपवर. कोणाकडे काय आहे हे बाराही जणांना दिसलं की तगादा लावावा लागत नाही.

पुस्तकं चोरीला जात नाहीत, ती ‘परस्पर’ जातात. मी नेलं, माझं झालं, तळमजल्यावरच्या काकूंनी मागितलं, दिलं. काकूंकडून त्यांच्या भाचीने नेलं आणि भाची नागपूरला. वहीत अजून माझंच नाव, मी शपथेवर सांगते की दिलंय, काकूही शपथेवर सांगतात की ठेवलेलं नाही, आणि दोघीही खरं बोलत असतो. म्हणून नियम एकच, पण कडक: पुस्तक पेटीतूनच निघेल आणि पेटीतच येईल. अगदीच घाई असेल तर देणाऱ्याने ग्रुपवर क्रमांक टाकायचा, ‘२३ काकूंकडे’, बस्स. हरवलं तर नेणाऱ्याने नवी प्रत द्यायची. मिळत नसेल तर किंमत मालक सांगेल ती. कठोर वाटतं, पण आवृत्ती संपलेल्या पुस्तकाला छापील ८० रुपये भरून देणं ही थट्टा आहे.

बैठकीत माणशी पाच मिनिटं, घड्याळ लावून, म्हणजे तासात आटपतं. कथानक सांगायचं नाही, एक पान मोठ्याने वाचायचं आणि कुठे कंटाळा आला ते सांगायचं. शाळेतला सारांश ऐकायला कोणी संध्याकाळ घालवत नाही. खायला चहा आणि चिवडा, त्यापुढे काही नाही. हे हसण्यावारी नेऊ नका. पहिल्या घरी पोहे, दुसऱ्या घरी साबुदाणा वडा, चौथ्या घरी पावभाजी, आणि पाचवीला धास्ती की आपल्याकडे काय करायचं. पुस्तकांपेक्षा ताटं जड झाली की भिशी मोडते.

‘इतके नियम केले की आवड मरते’ असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच. सांगणाऱ्याकडे दुसऱ्याची किती पुस्तकं आहेत ते आधी मोजा. हाच माणूस ग्रुपवर पीडीएफ टाकतो, ‘ज्ञान वाटल्याने वाढतं’ म्हणत. लेखक गेल्यानंतरही साठ वर्षं पुस्तकावर कॉपीराइट राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०११ पासून खुलं आहे, ते खुशाल वाटा. हयात किंवा साठ वर्षं न उलटलेल्या लेखकाचं स्कॅन मात्र ॲडमिनने त्याच मिनिटाला काढायचं. तीनशे रुपये भरून पुस्तकं घेणाऱ्या गटात फुकटची फाईल फिरायला लागली की पुढच्या वर्षी तीनशे कोण भरणार?

हां, ‘एकच पुस्तक’ अगदीच वर्ज्य नाही. एखादी कथा किंवा चार कविता बैठकीतच वाचून बोलायचं असेल तर एक प्रत पुरते. कोणी बदली होऊन गेलं तरी काढू नका. टपाल खात्याची ‘ज्ञान पोस्ट’ मे २०२५ पासून आहे, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १००, कर वेगळा. जमिनीवरून जातं म्हणून वेळ लागतो, त्याला परतीची तारीख एक महिना पुढची द्या.

आणि बाराऐवजी पंधरा असाल तर भिशी पंधरा महिने लांबवू नका. जमा होतील ४५००, त्यातले ३६०० द्यायचे, ९०० शिल्लक. तीन महिन्यांत २७०० साठतात. चौथ्या महिन्याच्या ४५०० मध्ये ते मिळवले की ७२००, त्या महिन्यात दोन चिठ्ठ्या काढा, तसंच आठव्या आणि बाराव्यात. बाराव्या महिन्यात हिशेब शून्यावर येतो.