पावसाळ्यात ग्रिटची ढेकळं होतात: पाणी नक्की कुठून येतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापूरजवळच्या चिंचोली एमआयडीसीत ब्लास्टिंगची शेड (दाबाच्या हवेने लोखंडी प्लेटवर पोलादाचे टोकदार दाणे, म्हणजे ग्रिट, मारून ती साफ करायचं काम), १८५ सीएफएमचा (मिनिटाला १८५ घनफूट हवा देणारा) डिझेल स्क्रू कॉम्प्रेसर, ८ मिमीचं नोझल, जी-२५ मापाचं स्टील ग्रिट. उन्हाळाभर काम सुरळीत. ऑगस्ट लागल्यापासून सकाळी पॉट (ग्रिट भरायची दाबाची टाकी) तुंबतो, नोझल थांबून थांबून मारतं आणि ब्लास्ट केलेली प्लेट तासाभरात लालसर होते. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी वॉटर सेपरेटर बसवलेला आहे, तरी हे का होतं, आणि ग्रिट सगळं बदलायचं का?

ग्रिट आत्ता बदलू नका. हवा सुधारल्याशिवाय नवं भरलंत तर तेही पंधरा दिवसांत याच अवस्थेला येईल.

सेपरेटर फक्त थेंब पकडतो, वाफ त्याच्यातून सरळ निघून जाते. आफ्टरकूलर (दाबलेली हवा निववणारं उपकरण) नसलेल्या स्क्रू कॉम्प्रेसरमधून हवा ८०-९० अंशांनी बाहेर पडते. एवढ्या गरम हवेत पाणी सगळं वाफेतच असतं, म्हणून तोंडाशी बसवलेल्या सेपरेटरच्या हाती काहीच लागत नाही. पुढे होजमध्ये हवा निवते आणि पाणी तिथे सुटतं, म्हणजे थेट तुमच्या पॉटमध्ये.

आकडे मांडतो. २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असली की एक घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम पाणी असतं. १८५ सीएफएम म्हणजे तासाला ३१४ घनमीटर हवा, म्हणजे तासाला सात लिटरच्या वर पाणी कॉम्प्रेसर ओढतो. ७ बारला दाबलेली ही हवा ४० अंशांपर्यंत निववली तर त्यातलं पाचेक लिटर थेंब होऊन पडतं. उरलेलं दोन लिटर वाफ म्हणून पुढे जातं, आणि हवा ३० अंशांवर आली की त्यातलं आणखी पाऊण-एक लिटर सुटतं. एप्रिलमध्ये ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेला हाच हिशोब घनमीटरला साडेआठ ग्रॅमवर येतो, आणि तेवढं पाणी बहुतेक वाफेच्याच रूपात नोझलमधून निघून जातं. उन्हाळ्यात तुमची जोडणी बरोबर होती असं नाही, पाणीच कमी होतं. सोलापूरला सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो, तेव्हा अजून महिनाभर तरी हा त्रास धरून चाला.

जोडणीचा क्रम असा हवा: कॉम्प्रेसर, आफ्टरकूलर, सेपरेटर, रिसीव्हर टाकी, प्री-फिल्टर, रेफ्रिजरेशन ड्रायर (हवा गार करून तिच्यातलं पाणी काढणारा), तेल पकडणारा कोअलेसिंग फिल्टर, मग पॉट. हवेवर चालणारा चांगला आफ्टरकूलर बाहेरच्या तापमानापेक्षा ८-१० अंश वर हवा देतो. ड्रायरचा दवबिंदू (ज्या तापमानाला वाफेचं पाणी सुटायला लागतं ते) दाबाखाली ३ अंशांच्या आसपास असतो. सोलापुरात तुमचा होज तेवढा गार कधी होत नाही, त्यामुळे पुढे पाणी सुटायचा प्रश्नच उरत नाही. ड्रायर घेताना फक्त सीएफएम पाहू नका, आत येणाऱ्या हवेचं तापमान किती धरून तो आकडा दिलाय ते विचारा. कंपनीचा आकडा बहुधा ३५ ते ४५ अंशांच्या हवेसाठी असतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ५० अंशांची हवा आत गेली की क्षमता बरीच घटते, म्हणून एक माप मोठा घ्या. ड्रायरचं बजेट आत्ता नसेल तर निदान आफ्टरकूलर आणि त्याच्या पुढे सेपरेटर एवढं करा. पॉटच्या तोंडाशी आणखी एक सेपरेटर बसवा आणि काम चालू असताना त्याचा ड्रेन कॉक केसभर उघडा ठेवा. पाइपलाइनला मीटरमागे एक सेंटिमीटर उतार द्या, शेवटी ड्रेन, आणि पॉटचं कनेक्शन पाइपच्या वरच्या अंगाने काढा, खालून नको.

तपासायची पद्धत सोपी आहे. ग्रिटचा व्हॉल्व्ह बंद करा, नुसती हवा सोडा आणि होजच्या तोंडापासून ६० सेंटिमीटरच्या आत पांढरं कापड एक मिनिट धरा. हातात नाही, लोखंडी चौकटीला बांधून. टॉवेलचा तुकडा चालतो, पण नवा कोरा घेऊ नका. त्याला फिनिशिंगचं सॉफ्टनर असतं आणि पाणी नीट शोषलं जात नाही. दोन-चार वेळा धुतलेला घ्या. कापडावर ओल किंवा पिवळा डाग दिसला तर त्या दिवशी पॉट भरू नका. पिवळा डाग तेलाचा असतो.

दुसरं कारण रात्रीचं. संध्याकाळी पॉटमध्ये १००-२०० किलो ग्रिट तसंच ठेवून घरी गेलं की पहाटे पत्रा निवतो, आतल्या दमट हवेचं पाणी कडेच्या ग्रिटवर बसतं आणि सकाळी ग्रिट सोडणाऱ्या मीटरिंग व्हॉल्व्हच्या वर ग्रिटने कमान धरलेली सापडते. सर्वांत आधी बारीक भुकटी गंजते, कारण वजनाच्या मानाने तिचा पृष्ठभाग फार मोठा. तीच मोठ्या दाण्यांना सिमेंटसारखी चिकटवते. म्हणून शिफ्ट संपताना पॉट पूर्ण रिकामा करा, दाब सोडा आणि ग्रिट झाकणाच्या, रबरी गॅस्केट असलेल्या ड्रममध्ये ठेवा. धूळ वेगळी करणारा एअर-वॉश नीट चालतोय का तेही पाहा. धूळ पकडणाऱ्या बॅग फिल्टरच्या पिशव्या साफ करणारी पल्सची (झटक्याने सोडलेली) हवा ओली असेल तर पिशव्यांवर धुळीचा चिखल बसतो, ओढ कमी होते आणि भुकटी ग्रिटमध्येच फिरत राहते. हे कारण सहसा कोणी तपासत नाही.

आहे ते ग्रिट वाचवता येतं. २ मिमीच्या जाळीतून चाळा, ढेकळं लाकडी मोगरीने फोडा. न फुटणारी टाकून द्या. बाकीचं ट्रेमध्ये दोन-तीन सेंटिमीटर जाडीने पसरून ११०-१२० अंशांना हलवत हलवत वाळवा. गॅसची ज्योत थेट मारू नका, हार्ड ग्रेडचं ग्रिट दोनशे-अडीचशे अंशांच्या वर नरम पडायला लागतं. शेजारच्या पावडर कोटिंगवाल्याची भट्टीही मागू नका, ग्रिटची धूळ त्याच्या कोटिंगवर बसेल. आणि गंज नको म्हणून डिझेल किंवा तेल तर अजिबात शिंपडू नका. ते प्लेटवर उतरतं आणि प्राइमरला डोळे (गोल खळगे) पडतात.

ओल मोजायची तर १०० ग्रॅम ग्रिट घ्या, ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या सोनाराच्या काट्यावर तोला, ओव्हनमध्ये १०५-११० अंशांना तासभर ठेवा, निवू द्या, पुन्हा तोला. आयएसओ १११२४ मध्ये (ब्लास्टिंगच्या धातूच्या ग्रिटचं आंतरराष्ट्रीय मानक) नव्या ग्रिटला ०.२ टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणजे घट ०.२ ग्रॅमच्या आत हवी. तेल आणि मीठ पाहायला बरणीत थोडं ग्रिट आणि बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर घालून हलवा, पाच मिनिटं थांबा. वर तवंग आला तर तेल. मीठ डोळ्यांना दिसत नाही, त्याला कंडक्टिव्हिटी मीटर लागतो.

तुमच्याकडे साखर कारखान्यांच्या टाक्या येत असतील तर त्या ब्लास्टिंगआधी गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. रसाची चिकट पुटं ग्रिटमध्ये गेली की वाळवूनही दाणे सुटे होत नाहीत.

आता प्लेट लाल पडण्याबद्दल. आधी सेलोटेप चिकटवून काढा. लाली टेपवर आली आणि खाली प्लेट पांढरी दिसली तर ती गंजक्या ग्रिटची धूळ आहे, कोरड्या हवेने झटकून किंवा व्हॅक्यूमने जाते. टेप काढूनही प्लेट लालच राहिली तर प्लेट स्वतः गंजली आहे, ती पुन्हा ब्लास्ट करावी लागेल. प्लेटचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर असल्याशिवाय सुरुवात करू नका. वरच्याच हवेला, २८ अंश आणि ८५ टक्क्यांना, दवबिंदू २५ अंशांच्या थोडा वर येतो, म्हणजे प्लेट २८ च्या पुढे हवी. रात्रभर शेडमध्ये पडलेली जाड प्लेट सकाळी आठला २४-२५ अंशच असते. अशा दिवसांत साडेदहा-अकरानंतर ब्लास्टिंग घ्या, एका वेळी तासा-दोन तासांत प्राइमर मारून होईल एवढाच भाग उघडा करा, आणि सकाळचा वेळ चाळणी आणि ड्रेनला द्या.