परंपरा म्हणतायत ना? मग साल विचार

प्रिय राजा,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. हाऊस कॅप्टन झालास त्याचं अभिनंदन घरच्यांनी केलं असेलच, मी त्यात वेळ घालवत नाही. तुझा प्रश्न एवढाच ना, की जूनमध्ये बोर्डिंग शाळेत परत गेलास की सातवीतली पोरं तुझे बूट पॉलिश करणार, बेड लावणार, मेसमधून ताट आणून देणार, आणि तू नको म्हणालास तर तुझीच बॅच अंगावर येणार की आपण एवढी वर्षं सोसलं आणि आता आपली पाळी आली तर हा शहाणपणा शिकवतोय, आणि वर सगळ्यांचं एकच पालुपद, 'शाळेची परंपरा आहे'.

साल विचार त्यांना. कुठल्या सालापासून, कुणी सुरू केलं, कशासाठी. मी आयुष्यभर इतिहास शिकवला, त्यातलं बाकी सगळं विसरलास तरी चालेल, पण हे धरून ठेव. परंपरा म्हणजे कुणीतरी एका दिवशी घेतलेला निर्णय असतो, आणि ज्याला साल असतं ते बदलता येतं.

तुझ्या छातीवरचा तो कॅप्टनचा बिल्लाच घे, ती रीतही इंग्लंडहून आलेली. शिमल्याचं बिशप कॉटन स्कूल १८५९ चं. ते काढणारा जॉर्ज कॉटन कलकत्त्याचा बिशप होण्याच्या कितीतरी आधी इंग्लंडमध्ये रग्बी गावच्या शाळेत मास्तर होता, थॉमस अर्नोल्डच्या हाताखाली. अर्नोल्ड तिथे १८२८ मध्ये हेडमास्तर झाला, आणि वरच्या वर्गातल्या मुलांवर त्याने शिस्तीची जबाबदारी टाकली, कारण मोठ्यांनी धाकट्यांना सांभाळावं, त्यातून मोठेच सुधारतील असं त्याला वाटायचं. धाकट्यांकडून कामं करून घ्यायची रीत तिथे त्याच्याही आधीपासून होती आणि अर्नोल्डने ती मोडली नाही, उलट तिची बाजू घेतली, हेही सांगतो, लपवत नाही. म्हणजे हाऊस, प्रिफेक्ट म्हणजे शिस्त बघणारी ती मोठी मुलं, बूट पॉलिश हे सगळं एकाच बोटीतून इकडे आलं. त्यातलं काय उतरवून घ्यायचं आणि काय नाही, हे इथल्या माणसांनी ठरवायचं होतं. आता तू ठरवायचंस.

आणि 'आपली शाळा मोठ्या घरांची' हा जो माज असतो ना, त्यालाही साल विचार. सनावरचं लॉरेन्स स्कूल १८४७ चं, ते सैनिकांच्या पोरांसाठी होतं. आपल्या देवळालीची बार्न्स बघ, ती १९२५ ला भायखळ्याहून इथे आली, पण तिच्यामागची बॉम्बे एज्युकेशन सोसायटी १८१५ ची, गरीब युरोपियन मुलांना शिकवायला काढलेली. अजमेरचं मेयो कॉलेज मात्र १८७५ मध्ये खास संस्थानिकांच्या मुलांसाठी निघालं, आणि पहिला विद्यार्थी अलवारचा मंगलसिंग लवाजमा घेऊनच आला. बरं, तिथे लवाजमा होता. तू काही अलवारचा नाहीस आणि सातवीतलं ते पोर तुझा लवाजमा नाही, त्याच्या बापाने तुझ्या बापाइतकीच फी भरलीय.

मी सगळं मोडा म्हणणारा माणूस नाही, हे तुला माहितीय. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर सिंदिया स्कूलची मुलं संध्याकाळी अस्ताचलला जाऊन सूर्य मावळताना गप्प बसतात, असल्या गोष्टीला कुणी हात लावला तर मी भांडेन. डेहराडूनच्या दून स्कूलने १९३५ ला, शाळा उघडली त्याच वर्षी, जन गण मन हे शाळेचं गीत म्हणून घेतलं. हेडमास्तर आर्थर फूट इंग्लंडमधल्या ईटनच्या शाळेतून आलेला इंग्रज, राज्य इंग्रजांचं, आणि ते राष्ट्रगीत व्हायला अजून पंधरा वर्षं होती. कुणीतरी ठरवलं म्हणून झालं ना? आपोआप नाही झालं.

पण मला सगळ्यात जवळचे शाहू महाराज. ते राजकोटच्या राजकुमार कॉलेजात शिकले, म्हणजे तुझ्या शाळेची थोरली बहीण म्हण, सगळी संस्थानिकांची पोरं. तिथून आल्यावर त्यांनी काय उचललं? मुलांनी एकत्र राहून शिकायचं, एवढं. १९०१ ला कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, मग जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी, एकामागून एक वसतिगृहं, आणि १९२० ला आपल्या नाशकात उदाजी मराठा बोर्डिंगच्या पायाभरणीला आले. गंगापूर रोडने तू शेकडो वेळा गेला असशील, कधी वाटलं का की याचा धागा राजकोटपर्यंत जातो? जिथे शिकलो तिथलं सगळंच्या सगळं पुढे न्यायची सक्ती राजपुत्रालासुद्धा नव्हती. तुला कुणी केली?

तू म्हणशील सर, तुम्हाला बोलायला सोपं आहे. नाही रे. मी हाऊसमास्तर होतो, कुठल्या शाळेत ते सोड. रात्री प्रेप, म्हणजे अभ्यासाचा तास, संपला की सिनिअर धाकट्यांना रांगेत उभं करायचे, मी ते बंद करायला गेलो, तर कमिटीत माजी विद्यार्थ्यांनी मलाच ऐकवलं की आम्हीही उभे राहिलो म्हणून घडलो. मी त्यांनाही सालच विचारलं. कुणालाच सांगता येईना, तरी ठराव माझ्या विरुद्ध गेला. मी राजीनामा दिला. लोक म्हणाले आत राहून लढायला हवं होतं, तू पण मागे एकदा म्हणालास. मला पटत नाही, आजही नाही, माझ्या सहीने ते चालू राहिलं असतं तर मी वर्गात उभा राहून काय शिकवलं असतं? फक्त त्या वर्षीची माझी धाकटी पोरं तिथेच राहिली, त्यांचं मला अजून लागून राहिलंय. तू बाहेर पडायचं नाहीस. तुझ्याकडे बिल्ला आहे, माझ्याकडे तेवढंही नव्हतं.

आणि बॅचला घाबरणं आता पुरे कर, राग येतो मला. त्यांच्याशी सोसण्यावरून वाद घालू नकोस, त्यात ते जिंकतील, कारण सोसलंय ते खरंच आहे. सालावर ये. शाळेच्या लायब्ररीत जुने वार्षिक अंक असतात, सुट्टी संपायच्या चार दिवस आधी जा, आणि प्रिफेक्टची कामं कुठे लिहिलेली सापडतात का ते शोध. बूट पॉलिश त्यात सापडलं तर मला कळव, मी चकित होईन. पहिल्या रात्री डॉर्ममध्ये भाषण ठोकू नकोस, आपले बूट आपण घासायला बस. दोघंतिघं तुझ्यासारखे असणारच, ते दिसतील.

हाऊसमास्तरांना पत्र लिहिणार असशील तर आधी मला दाखव. शुद्धलेखन राहू दे, ते मी बघतो, पण गेल्या वर्षी रडत घरी फोन करणाऱ्या त्या मुलाचं नाव त्यात अजिबात घालू नकोस, त्याला अजून पाच वर्षं तिथे काढायचीत.

तुझा,
सर