मागच्या तारखेचं बिल ऑफ लेडिंग घ्यावं का?

प्रश्न : आमच्या लेटर ऑफ क्रेडिटमध्ये (एलसी, म्हणजे ठरलेले कागद दिल्यावर पैसे देण्याची बँकेची हमी) माल जहाजावर चढवण्याची शेवटची तारीख १० आहे. कंटेनर ८ तारखेलाच बंदरात पोहोचला होता, पण जहाज उशिरा लागलं आणि माल १२ तारखेला चढला. फॉरवर्डर (माल पाठवण्याची व्यवस्था करणारा एजंट) म्हणतो, ‘नुकसान भरून देण्याच्या हमीपत्रावर सही करा, १० तारखेचं बिल ऑफ लेडिंग (माल चढल्याची जहाज कंपनीची पावती) मिळवून देतो.’ खरेदीदारानेही ‘दोन दिवसांनी काही बिघडत नाही’ असा व्हॉट्सॲप मेसेज केला आहे. एलसी ३० तारखेला संपते. काय करावं?

उत्तर : हमीपत्रावर सही करू नका.

१९८२ मध्ये इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने जवळपास असाच वाद निकाली काढला. माल चढवण्याची मुदत १५ डिसेंबर १९७६ ला संपत होती, माल चढला १६ डिसेंबरला, आणि लोडिंग ब्रोकरच्या (जहाज कंपनीच्या वतीने काम करणाऱ्या एजंटच्या) माणसाने बिलावर १५ तारीख घातली. फरक एका दिवसाचा, तरी बँकेने पैसे अडवले. तारखेच्या मुद्द्यावर शेवटी विक्रेता जिंकला, पण ही तारीख खोटी आहे हे त्याला ठाऊक नव्हतं म्हणून. तुम्हाला मात्र ते ठाऊक आहे, आणि हमीपत्रावर सही केलीत तर तसा लेखी पुरावा तुम्हीच तयार कराल. बँक पैसे नाकारू शकेल, दिलेले परत मागू शकेल, शिवाय फसवणुकीचा गुन्हा दाखल होण्याची भीती वेगळीच.

खोटी तारीख लपतही नाही. जहाज कधी लागलं, कंटेनर कधी चढला, हे टर्मिनलच्या नोंदीत सापडतं. तुमचं विमा प्रमाणपत्र ११ तारखेचं असेल तर ते १० तारखेच्या बिलाशी जुळणारच नाही, कारण विमा आधीपासून लागू असल्याचं त्यावर लिहिलेलं नसेल, तर विम्याची तारीख माल चढवण्याच्या तारखेनंतरची चालत नाही.

खरेदीदाराचा मेसेज सद्भावनेने आलेला असेल. पण एलसी हा बँकेने तुम्हाला दिलेला शब्द आहे, आणि तुमची एलसी यूसीपी ६०० या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमांखाली असेल (बहुतेक असतात), तर कलम १० नुसार एलसी उघडणारी बँक, असल्यास कन्फर्म करणारी (पैसे देण्याची स्वतःचीही हमी जोडणारी) बँक आणि तुम्ही, अशा सगळ्यांच्या संमतीशिवाय तिच्यात बदल होत नाही. खरेदीदार मेसेजमध्ये काहीही म्हणाला तरी बँक १० तारखेलाच धरून बसेल.

आधी एलसी काढून रकाना ४४ए आणि ४४ई शेजारी ठेवून वाचा. फक्त ४४ई मध्ये बंदराचं नाव असेल, तर जहाजावर चढल्याची तारीखच धरली जाईल. पण ४४ए मध्ये आतल्या कंटेनर डेपोसारखं माल ताब्यात घेण्याचं ठिकाण असेल आणि मल्टिमोडल (एकाहून अधिक साधनांनी होणाऱ्या) वाहतुकीचा दस्तऐवज मागितला असेल, तर कलम १९ पाहा. तिथे माल ताब्यात घेतल्याची तारीख दस्तऐवजावर नोंदलेली असेल आणि एलसीत जहाजावर चढल्याची नोंद वेगळी मागितलेली नसेल, तर तीच शिपमेंटची तारीख ठरते. मग तुम्ही मुदतीतच आहात. ही शक्यता कमी आहे, पण तपासायला पाच मिनिटं लागतात.

तसं नसेल, तर आजच खरेदीदाराला लेखी कळवा : ‘रकाना ४४सी मधील तारीख १० ऐवजी १५ करण्याची विनंती आपल्या बँकेला करावी. १२ तारखेला झालेली शिपमेंट आम्हाला मान्य असून विलंबाबद्दल कोणताही दावा करणार नाही, असं लेखी कळवावं.’ दुसरं वाक्य गाळू नका. बँकेने पैसे दिले तरी विक्री करारातली मुदत मोडल्याचा दावा उरतोच, आणि बाजारभाव पडला की आज मायेने बोलणारा माणूस दोन दिवसांचा हिशोब मांडतो.

दुरुस्ती आली नाही, तर १२ तारखेचं खरं बिल लावून कागद वेळेत सादर करा. एलसीत वेगळी मुदत नसेल तर शिपमेंटनंतर २१ दिवसांची सवलत असते, पण तुमची एलसी ३० ला संपते, म्हणून ३० हीच हद्द. बँकेला तपासणीसाठी जास्तीत जास्त पाच बँक-दिवस मिळतात. ती कागद नाकारेल, बहुधा खरेदीदाराला विचारेल, आणि त्याने त्रुटी माफ केली तर पैसे मिळू शकतात. तसं करण्याचं बंधन मात्र बँकेवर नाही.

तोवर माल तुमच्या हातात राहिला पाहिजे. बिलाच्या तीन मूळ प्रतींपैकी एक थेट खरेदीदाराला कुरिअर करण्याची अट एलसीत अनेकदा असते. बिल बँकेच्या ऑर्डरवर नसेल (म्हणजे माल सोडवायला त्यावर बँकेची सही लागत नसेल), तर त्या एका प्रतीवर तो माल सोडवून नेऊ शकतो आणि बँकेने पैसे नाकारले तर तुम्हाला केवळ दावा उरतो. म्हणून तारखेची दुरुस्ती बँकेकडून येईपर्यंत ती प्रत पाठवू नका.

फॉरवर्डरचा ‘१० तारखेचं बिल मिळवून देतो’ हा मेसेज आणि जहाज उशिरा येणार असल्याचे त्याचे सगळे ईमेल जपून ठेवा. विलंबाबद्दल भरपाईचा दावा टिकेल का, हे बुकिंगच्या अटी वाचूनच सांगता येईल. त्या आणि एलसीची संपूर्ण प्रत पाठवा.