झांझिबारच्या शेवाळावर काम करताय? मग एवढं आधी करा

टांझानियातल्या झांझिबार बेटांवर बायका समुद्रात दोऱ्यांवर शेवाळ पिकवतात. त्यावर संशोधन करायचं म्हणताय, विषय उत्तम निवडलात. फक्त प्रस्तावापासून सुरुवात नको. दार-एस-सलाम विद्यापीठाची सागरी संस्था झांझिबारमध्येच आहे, आधी तिथल्या संशोधकांशी बोला. प्रश्न त्यांच्यासोबत ठरवा. तयार प्रस्तावावर नुसती सही मागणं ही नवख्यांची नेहमीची चूक.

- संशोधनाचा परवाना: झांझिबारचा वेगळा लागतो, टांझानियाच्या मुख्य भूमीचा चालत नाही. नमुने बाहेर न्यायचे तर लेखी करार आधी.
- तारखा: तिथी बघून ठरवा. भांगाला (अष्टमीच्या आसपास, भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा) जाऊन उपयोग नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप ओसरतं, तेव्हाच बायका दोऱ्यांवर काम करतात. (कोकणातले असाल तर हे सांगायला नकोच.)
- शेवाळ पांढरं पडून तुटायला लागलं की या बायकांनाच विचारा, त्यांना आधी कळतं. त्यांच्या वेळेचे पैसे बजेटमध्ये धरा.

शेवाळाच्या जनुकांच्या अभ्यासाचं नंतर बघू.