कन्सोलवर नुसता काळा पडदा? आधी दोन पिना जोडून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सीसीएनए या सिस्कोच्या नेटवर्किंग परीक्षेच्या सरावासाठी जुना सिस्को १८४१ राउटर घेतलाय, लॅपटॉपला सिरीअल पोर्ट नाही म्हणून यूएसबी-सिरीअल अ‍ॅडॅप्टर आणि राउटरला थेट आज्ञा देण्यासाठीची निळी कन्सोल केबल आणली, पण पुट्टी या टर्मिनल प्रोग्राममध्ये नुसता काळा पडदा दिसतो. राउटर गेलाय की अ‍ॅडॅप्टर?

बहुतेक वेळा दोन्ही धडधाकट असतात. मी हे काम नेहमी करतो, आणि राउटरला हात लावायच्या आधी अ‍ॅडॅप्टर एकटाच तपासतो. निळी केबल काढून ठेवा. अ‍ॅडॅप्टरच्या नऊ पिनांच्या टोकाला बारीक आकडे कोरलेले असतात. त्यातली २ आणि ३ नंबरची पिन एका छोट्या जंपर वायरने जोडा. पुट्टीत सिरीअल निवडा, तुमचा कॉम पोर्ट (विंडोजने त्या सिरीअल पोर्टला दिलेलं नाव) द्या, फ्लो कंट्रोल (डेटा थांबवण्या-सोडण्याची सोय) ‘नन’ करा आणि काहीही टाइप करा. ३ नंबरच्या पिनेवरून गेलेलं अक्षर २ वरून परत येतं आणि पडद्यावर उमटतं. वायर काढली की उमटणं थांबायला हवं. वायर काढूनही अक्षरं दिसत राहिली, तर पुट्टीचा लोकल एको, म्हणजे टाइप केलेलं स्वतःच दाखवण्याची सोय, चालू आहे. तो बंद करून पुन्हा बघा.

या एका चाचणीने प्रश्नाचे दोन तुकडे होतात, म्हणून ती मला फार मोलाची वाटते. अक्षरं परत आली, तर लॅपटॉप, ड्रायव्हर, चिप सगळं बरोबर आहे. दोष केबलमध्ये, सेटिंगमध्ये किंवा राउटरमध्ये. नाही आली, तर राउटरकडे बघायचं कारणच नाही.

अक्षरं आली नाहीत असं धरू. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा. अ‍ॅडॅप्टरपुढे पिवळा त्रिकोण आणि ‘कोड १०’ असेल, तर आत बहुधा प्रोलिफिक पीएल२३०३ ची जुनी किंवा नकली चिप आहे. कंपनीचे नवे ड्रायव्हर तिला नाकारतात. ड्रायव्हर शोधत रात्र घालवण्यापेक्षा एफटीडीआय चिपचा अ‍ॅडॅप्टर घ्या. सीएच३४० वालाही स्वस्त आणि कामापुरता चांगला. लिनक्सवर मात्र गंमत वेगळीच असते. तुमचा यूजर सिरीअल पोर्ट वापरायची परवानगी देणाऱ्या ‘डायलआउट’ ग्रुपमध्ये नसेल तर पोर्ट उघडतच नाही. आणि उबंटू २२.०४ मध्ये ब्रेल डिस्प्लेसाठी असलेला बीआरएलटीटीवाय हा प्रोग्राम सीएच३४० ला आपलंच उपकरण समजून बळकावतो. तुम्हाला ब्रेल डिस्प्ले लागत नसेल, तर तो काढून टाकला की पोर्ट लगेच दिसू लागतो.

आता राउटरची बाजू. १८४१ वर एक यूएसबी पोर्ट आहे, पण तो फ्लॅश ड्राइव्हसारख्या गोष्टींसाठी. त्यातून कन्सोल मिळत नाही. फिकट निळ्या रंगाने खूण केलेला आरजे४५ पोर्ट हाच कन्सोल. शेजारचा काळा तो ऑक्स (मोडेमसाठीचा जादा पोर्ट), पिवळे इथरनेटचे. सॉकेट सारखेच असल्यामुळे केबल कुठेही बसते, म्हणून रंग बघूनच लावा. साधी लॅन केबल इथे चालत नाही. केबलवर संशय असेल तर मल्टिमीटरने बघा: आरजे४५ ची ३ नंबरची पिन नऊ पिनांच्या टोकाच्या २ ला, ६ ची ३ ला, आणि ४ व ५ या दोन्ही ५ ला जोडलेल्या हव्यात.

पुट्टीतलं सेटिंग: ९६०० बॉड (हा वेग), ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. पडद्यावर चित्रविचित्र चिन्हं आली तर खूश व्हा, कारण तारा बरोबर आहेत आणि फक्त वेग जुळत नाही. आधीच्या मालकाने तो बदललेला असू शकतो; १९२००, ३८४००, ११५२०० असे करून बघा. मजकूर दिसतो पण टाइप होत नाही, असं असेल तर फ्लो कंट्रोल चालू राहिलाय. लिनक्सच्या मिनिकॉम या टर्मिनल प्रोग्राममध्ये हे हमखास होतं. पुट्टी आधी उघडा, मग राउटरचा स्विच चालू करा. बूटचा मजकूर सरकताना दिसला की काम झालं. राउटर आधीच चालू असेल तर नुसतं एंटर दाबा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. आर्डुइनोसाठी मिळणारी चार-सहा पिनांची टीटीएल पट्टी (कमी व्होल्टचा यूएसबी-सिरीअल बोर्ड) या राउटरला लावू नका. ती ३.३ किंवा ५ व्होल्टवर चालते; कन्सोल आरएस-२३२ या जुन्या सिरीअल मानकाचा, तिथे सिग्नल उणे आणि अधिक १५ व्होल्टपर्यंत जाऊ शकतो, शिवाय उलटा असतो. पट्टी जळू शकते. घरगुती वायफाय राउटरच्या बोर्डावरच्या सिरीअल पिना बहुधा ३.३ व्होल्टच्या असतात. तिथे नऊ पिनांचा अ‍ॅडॅप्टर लावला तर राउटर जळेल.

जुना राउटर म्हणजे आत जुना पासवर्ड असणारच. चालू केल्यापासून पहिल्या मिनिटात ब्रेक (बूट अडवणारा सिग्नल, याच नावाच्या कीने जातो) पाठवा. लॅपटॉपवर ती की नसेल तर पुट्टीच्या ‘स्पेशल कमांड’ मेनूत ब्रेक आहे. रॉममॉन (राउटरचा बूटआधीचा दुरुस्ती मोड) आला की कॉन्फरेग ०एक्स२१४२ देऊन (राउटर कसा बूट व्हावा ते ठरवणाऱ्या रजिस्टरची ही किंमत; हिने सेव्ह केलेलं कॉन्फिगरेशन वाचलं जात नाही) रिसेट करा. नवा पासवर्ड सेव्ह करण्याआधी रजिस्टर परत ०एक्स२१०२ करा, नाहीतर पुढच्या वेळी राउटर तुमचं सेव्ह केलेलं कॉन्फिगरेशन वाचणारच नाही.